शेतकऱ्याच्या घराचा हिशेब आणि धनंजयराव गाडगीळ

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या परिसराचा एक पाहणी-अहवाल प्रसिद्ध केला. पाणी आल्यामुळे शेतीला आणि शेतीभोवतीच्या व्यवहाराला होणारे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ पैशात मोजण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यासाठी बागायती शेतांच्या जोडीने जिरायती शेतांचेही हिशेब घेतले होते. अहवालाचे कर्ते संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे होते. त्याच सुमारास प्रवरा कालव्याच्याच काठी, लोणी या गावी, शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभारण्याची खटपट चालली होती. तिच्याही अग्रभागी धनंजयराव होते आणि कारखाना निघाल्यावर त्याचे पहिले अध्यक्षही तेच झाले. ज्या मुलखातील शेतकऱ्याची मिळकत आपण मोजली ती वाढविण्याची जबाबदारीही अंगावर घेणारे अर्थशास्त्रज्ञ आपल्याकडे फार झाले नाहीत. धनंजयरावांच्या चरित्राला महत्त्व येते ते या दुहेरी नात्यामुळे. सहकाराने ग्रामीण कुटुंबाच्या पोटापाण्यात काय बदल घडविला आणि कोणत्या कुटुंबाच्या बाबतीत तो घडविला नाही, हे पाहावयाचे तर त्यांच्या जीवनक्रमाइतका चांगला मार्ग दुसरा नाही.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. शालेय शिक्षण नागपुरास झाले. पुढे ते केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर जो प्रबंध लिहिला, तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय तेव्हा अवघे तेवीस होते आणि पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वापरले. परतल्यावर १९२५ पासून पाच वर्षे ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने पुण्यात गोखले संस्था स्थापिली आणि तिचे संचालकपद धनंजयरावांकडे आले. ते त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळले.

या छत्तीस वर्षांतील त्यांच्या अभ्यासाची तऱ्हा लक्षात घेण्यासारखी आहे. बागायतदाराच्या मळ्यापासून पुण्याच्या बाजारापर्यंत फळ कसे पोचते, याची पाहणी संस्थेने १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची १९४० मध्ये. विषय दिसावयास किरकोळ. परंतु शेतकरी दरिद्री का, या प्रश्नाला आळस, उधळपट्टी, लग्नातील खर्च अशी ठराविक उत्तरे देण्याचा जो प्रघात साहेबी अधिकाऱ्यांत आणि आपल्या सुशिक्षितांतही होता, त्याला या पाहण्यांनी परस्पर उत्तर दिले. पीक शेतातून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत वाटेत जे जे हात लागतात ते आपापला वाटा काढून घेतात, आणि शेतकऱ्याला गरज असते तेव्हा विकावे लागते, भाव असतो तेव्हा नव्हे. दोष त्याच्या स्वभावात नसून त्याच्या सौदाशक्तीत आहे, आणि ती एकट्यादुकट्याने वाढण्यासारखी नाही. धनंजयरावांचा सहकार या व्यावहारिक निष्कर्षातून निघाला. गांधीवादी कार्यकर्त्यांच्या सहकारात जो नैतिक ओलावा असे, तो त्यांच्या लेखनात क्वचितच आढळतो. मात्र कोरडेपणामुळेच तो हिशेबात पक्का होता.

प्रवराकाठी या निष्कर्षाचा पडताळा पुरेपूर मिळत होता. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि बाजरी-ज्वारीवर जगणाऱ्या दुष्काळी पट्ट्यात बारमाही पाणी आले. पण पाणी आले म्हणजे पैसा आला असे होत नाही. उसाला भांडवल लागते. ते कुणबी शेतकऱ्याजवळ नव्हते. सासवडच्या कसबी माळी बागायतदारांनी जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकविला, आणि खाजगी साखर कंपन्या आल्या तेव्हा हरेगावला बेलापूर कंपनीने व टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्सने आपले मळे उभे केले. जमीन खंडाने देऊन त्याच जमिनीवर मजुरीस जाण्याची पाळी अनेक घरांवर आली. ज्यांनी स्वतः ऊस लावला ते गुऱ्हाळ घालीत. काहिलीतून निघालेली गुळाची ढेप अडत्याच्या वखारीत गेली की अडत, तोलाई, हमाली वजा होऊन जे हाती पडेल ते घ्यावयाचे. आणि अडत्यानेच लागवडीस उचल दिलेली असेल तर भाव करण्याचा प्रश्नच उरत नसे. तिशीच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले, तेव्हा कालव्याखालचा शेतकरी जिरायती शेतकऱ्यापेक्षाही अधिक कर्जात बुडालेला दिसू लागला. पाण्याबरोबर कर्ज येते, हा अनुभव दख्खनच्या कालव्यांवर अनेक गावांनी घेतला.

लोणीच्या विठ्ठलराव विख्यांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती. शिक्षण बेताचे, पण व्यवहाराची जाण विलक्षण, असा हा माणूस. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली; अध्यक्षस्थानी धनंजयराव होते. शेतकऱ्यांनी स्वतःच साखर कारखाना काढावा, या विचाराला तेथे आकार आला. पुढील चार-पाच वर्षांत विठ्ठलराव गावोगाव हिंडून भाग गोळा करीत राहिले आणि धनंजयरावांनी मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांत त्यांची बाजू लावून धरली. मुंबई राज्याचे अर्थ व सहकार खाते तेव्हा वैकुंठभाई मेहतांकडे होते, हेही प्रवरेचे भाग्यच. सरकारने भागभांडवलात रक्कम घातली आणि १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याने पहिला ऊस गाळला. हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना असे म्हणण्याचा प्रघात आहे. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच सहकारी कारखाना निघाला होता. तेव्हा पहिलेपणाचा मान सोडून दिलेला बरा. अनुकरण मात्र प्रवरेचेच झाले, आणि ते का झाले हे पाहण्याजोगे आहे.

येथे जमीन एकत्र केली नाही. प्रत्येकाचा बांध जागच्या जागी राहिला, नांगरट ज्याची त्याने करावयाची, पीकही ज्याचे त्याचे. एकत्र केले ते कर्ज, गाळप आणि विक्री, म्हणजे नेमके ते टप्पे, जेथे एकटा शेतकरी लुबाडला जात होता. सभासदाने ऊस कारखान्याला द्यावयाचा, कारखान्याने तो घ्यावयाचाच. तोडणी व वाहतूक कारखान्याने करावयाची. साखर विकून खर्च वजा जाता जे उरेल ते भागांवरील लाभांश म्हणून न वाटता उसाच्या टनामागे भाव म्हणून द्यावयाचे. भाग कितीही असोत, मत एकच. सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापून घेतले जाई. त्यामुळे सोसायटी बुडत नसे आणि पुढच्या लागवडीला पुन्हा कर्ज मिळे. बिलातून थोडी रक्कम ठेव म्हणून राखली जाई. तिच्यातून विस्तार होई आणि पुढे शाळा, दवाखाने निघाले.

एका बागायती घराच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? वर्षातून ठरल्या वेळी, ठरल्या वजनाचे, लेखी हिशेबाचे पैसे येऊ लागले. रक्कम वाढली हे खरेच, पण ती येणार हे आधी कळू लागले, हा बदल कदाचित अधिक मोठा होता. पैसा येणार हे माहीत असले की माणूस मुलाला हायस्कुलात घालतो, विहिरीला इंजिन बसवितो, दोन खणांच्या घराला तिसरा खण काढतो. सावकाराच्या ओट्यावर बसण्याची गरज संपली म्हणजे गावातील बोलण्याचा सूरही बदलतो. अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर) कालव्याखालच्या गावांत एका पिढीत जी नवी ऐट आली, तिची मुळे या बिलाच्या कागदात आहेत.

पहिल्या दशकात धनंजयराव अध्यक्ष व विठ्ठलराव उपाध्यक्ष अशी जोडी होती. एक केंब्रिजचा पंडित, दुसरा लोणीचा पाटील. एकाचे हिशेबाच्या शिस्तीवर लक्ष, दुसऱ्याचे माणसांवर. या जोडीशिवाय प्रवरा टिकली नसती, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र पुढे जे कारखाने निघाले, त्यांपैकी कित्येकांना विठ्ठलरावांसारखा चालक कसाबसा मिळाला. धनंजयरावांसारखा, ज्याला त्या तालुक्यात निवडणूक लढवावयाची नव्हती असा अध्यक्ष, बहुधा मिळालाच नाही. कारखान्याची वार्षिक सभा आणि विधानसभेची निवडणूक यांतील अंतर मग झपाट्याने कमी झाले.

प्रवरेचा अनुभव राष्ट्रीय धोरणात उतरला तो ग्रामीण पतपाहणीच्या द्वारा. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, अ. दि. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत धनंजयराव सभासद होते. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे यांची चौकशी झाली आणि १९५४ च्या अहवालाने जे आकडे पुढे ठेवले ते सहकाराचा उदोउदो करणाऱ्यांना खाली पाहावयास लावणारे होते. १९०४ च्या कायद्याला अर्धशतक लोटत आले, तरी १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याने काढलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ इतकाच होता. सावकारांचा, शेतकरी आणि धंदेवाईक मिळून, सत्तरीच्या जवळपास. समितीने सहकार मोडीत काढला नाही. तिने सांगितले ते असे : एकटी पतपेढी गावच्या सावकार-व्यापाऱ्याच्या युतीपुढे टिकणार नाही, तिला विक्रीची आणि प्रक्रियेची जोड द्या, वखारी बांधा, शासनाने भागभांडवलात उतरावे, आणि कर्ज जमिनीच्या तारणावर नव्हे तर पिकाच्या गरजेवर द्यावे. शेवटची शिफारस लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने क्रांतिकारक म्हणावी अशी होती. ज्याची जमीन गहाण ठेवण्यासारखी नाही त्याचे पीक तरी उभे असते.

शासनाच्या भागीदारीबद्दल मात्र तेव्हाच मतभेद झाले. सरकारचा पैसा आला की सरकारचा हात येतो, अशी धास्ती वैकुंठभाई मेहतांसारख्या जुन्या सहकाऱ्यांना वाटत होती. धनंजयरावांचा विचार वेगळा होता. गावातील बलवान घटकांविरुद्ध दुबळ्यांनी उभे राहावयाचे तर शासनाचे बळ त्यांच्या पाठीशी हवे; नाहीतर संस्था बलवानांच्याच हाती जाईल. पुढचा इतिहास पाहता दोघेही आपापल्या परीने बरोबर ठरले, असेच म्हणावे लागते. शासनाच्या बळावर संस्था उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्या हाती त्या जाऊ नयेत म्हणून शासनाला बोलावले, त्यांनीच काही काळाने शासनही हाती घेतले.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला आणि देशभर रणे माजली. राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला, चौधरी चरणसिंगांनी ठरावाला कसून विरोध केला. जमिनी एकत्र कसण्याचा तो कार्यक्रम बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला, आणि जेथे संस्था निघाल्या तेथे पुष्कळदा कूळकायदा चुकविण्यासाठी किंवा अनुदान मिळविण्यासाठी एकाच भावकीने पाटी लावल्याचे आढळले. त्याच वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात बांध न मोडता सहकार वाढत होता. शेतकऱ्याची जमिनीवरील ममता ही अडचण न मानता तिच्याभोवती संस्थेची रचना केली, यात प्रवरेचे शहाणपण होते.

पण या रचनेची मर्यादाही तेथेच आहे. कारखान्याचे सभासद व्हावयाचे तर ऊस हवा. उसाला पाणी हवे. पाण्यासाठी जमीन कालव्याखाली हवी, आणि ती सात-बारावर आपल्या नावाने हवी. यांतील एकेक अट वाचताना निर्दोष वाटते. तथापि एकापुढे एक ठेवल्या की गावातील निम्मीशिम्मी माणसे बाहेर पडतात. जिरायती शेतकरी बाहेर, भूमिहीन बाहेर, आणि घरात राबणारी स्त्री तर सभासदाच्या उंबऱ्याच्या आत राहूनही बाहेर, कारण उताऱ्यावर तिचे नाव क्वचितच असे. महाराष्ट्राच्या लागवडीखालील क्षेत्राचा अगदी लहान हिस्सा उसाखाली आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा हिस्सा उसाला, ही स्थिती या सभासदत्वाचीच दुसरी बाजू होय.

सर्वांत स्पष्ट दिसते ते ऊसतोडणीत. तोडणी कारखान्याने करावयाची, हा नियम सभासदाच्या सोयीचा. ती प्रत्यक्षात करतात बीड, पाथर्डी आणि अशाच कोरडवाहू मुलखातून येणाऱ्या टोळ्या. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, दिवाळीच्या सुमारास गाव सुटते, आणि हंगाम संपेपर्यंत ती उचल फेडीत नवरा-बायको फडात राबतात. दोघे मिळून एक कोयता मोजला जातो. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ फार वाढला. म्हणजे ज्या उचलीच्या पाशातून प्रवरेने बागायतदाराला सोडविले, तोच पाश त्याच कारखान्याच्या गव्हाणीत ऊस आणून टाकणाऱ्याच्या गळ्यात राहिला. अडत्याच्या जागी मुकादम आला, एवढाच फरक.

हे अपरिहार्य होते काय? तसे म्हणता येत नाही. प्रवरा उभी राहत होती त्याच सुमारास, १९४७ पासून, मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघत होत्या. लाकूडतोडीचे ठेके कंत्राटदाराऐवजी आदिवासी मजुरांच्या संस्थेला द्यावयाचे, ही ती योजना. बाळासाहेब खेर आणि वैकुंठभाई हे तिचे पुरस्कर्ते. श्रम हेच ज्यांचे भांडवल त्यांचाही सहकार होऊ शकतो, हे शासनाला आणि सहकारी चळवळीला ठाऊक होते. कोयतेवाल्यांची सोसायटी करून तोडणीचा करार थेट तिच्याशी करणे तत्त्वतः अवघड नव्हते. धनंजयरावांनी तर औद्योगिक मजुरीच्या नियमनावर १९४३ मध्येच पुस्तक लिहिले होते. तरी कारखान्यांच्या रचनेत तोडणी कामगार हा खर्चाचा एक रकाना म्हणूनच शिरला आणि तसाच राहिला. कारण टनामागचा भाव हे यशाचे माप ठरले, आणि तोडणीचा दर वाढला की भाव उतरतो. हा दोष एका माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु बागायती आणि जिरायती शेते शेजारी शेजारी ठेवून मोजणाऱ्या अभ्यासकाच्या कारखान्यात दोघांना जोडणारा दुवा निघाला नाही, ही उणीव नोंदविल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

सत्तेच्या जवळ जाऊनही त्यांनी आपले मत मवाळ केले नाही. १९४७ मध्ये गोरवाला व ते ज्या किंमत मंडळावर होते, त्याने नियंत्रणे उठविण्यास विरोध केला आणि सरकार ऐकेना तेव्हा दोघे बाहेर पडले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची आर्थिक बाजू मांडण्यात त्यांचा पुढाकार होता. १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र, आणि प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर टाकण्याची १९६९ ची अग्रणी बँकेची कल्पना, ही त्या काळातील सर्वज्ञात कामे. चौथ्या योजनेत लहान शेतकरी, अत्यल्पभूधारक व शेतमजूर यांच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा निघाल्या, आणि अवर्षणप्रवण भागांसाठी ग्रामीण कामांचा कार्यक्रम आला. प्रवरेच्या कुंपणाबाहेर राहिलेल्यांकडे नियोजनाचे लक्ष गेले ते असे, उशिरा आणि तुटपुंज्या तरतुदीने.

१९७१ च्या निवडणुकीनंतर ते पदावरून दूर झाले. ३ मे १९७१ रोजी, दिल्लीहून पुण्याकडे परतताना, रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात तो भीषण दुष्काळ पडला. संस्थेत संशोधन करणाऱ्या त्यांच्या कन्या सुलभा ब्रह्मे यांनी त्या दुष्काळाचा अभ्यास करून पाण्याच्या वाटपाचे नियोजन करावे असा आग्रह धरला. घरातला वारसा हिशेबासह पुढे गेला म्हणावयाचा.

त्यांच्या मागे सहकारी साखर कारखान्यांची संख्या पुष्कळ वाढली, मग त्यांतील अनेक आजारी पडले आणि काही लिलावात खाजगी मालकांकडे गेले. सभासदाचा भाग कागदापुरता उरला, अशीही उदाहरणे झाली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. तोडणी कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन होऊन गाळलेल्या उसावर टनामागे वर्गणी घेण्याचे ठरले. प्रवरा कारखाना निघून तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती. तोडणीचा दर अजूनही साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील करारानेच ठरतो, आणि उचल मुकादमाच्याच हातून मिळते.